भूमीची राखण : ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्राचे परीक्षण

एखाद्या धर्मावर इतिहासाच्या न्यायासनापुढे गंभीर आरोप ठेवला जावा, आरोप ठेवणारा गृहस्थ त्याच धर्माचा अनुयायी असावा, आणि त्या आरोपाचे सविस्तर उत्तर त्या धर्मातील सर्वांत मोठ्या संप्रदायाच्या मुख्याचार्यांकडून येण्यास अठ्ठेचाळीस वर्षे लोटावीत, असा योग विचारांच्या इतिहासात क्वचितच येतो. आरोप १९६७ सालचा. उत्तर २०१५ सालचे. आरोपकर्ता लिन व्हाइट हा अमेरिकन इतिहासकार. उत्तर देणारे पोप फ्रान्सिस. पृथ्वीची आज जी दुर्दशा झाली आहे तिची मुळे ख्रिस्ती धर्माने मनुष्याला शिकविलेल्या अहंतेत आहेत, हा आरोपाचा मथितार्थ. उत्तर म्हणजे ‘लाउदातो सी’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेले परिपत्र. परिपत्र म्हणजे पोपने जगभरच्या धर्माध्यक्षांस व श्रद्धावंतांस उद्देशून लिहिलेले धर्मपत्र. परंतु प्रस्तुत पत्र पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक मनुष्याला उद्देशून लिहिले असल्याचे त्याच्या कर्त्यानेच सांगितले आहे. तेव्हा ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही ते उघडून वाचावे आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलावे, ह्याला कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. धर्माज्ञा म्हणून त्याचे वजन किती, हे ठरविणे आमचे काम नव्हे. एक विचारप्रबंध म्हणून ते कितपत उतरले आहे, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम आरोप नीट समजून घेतला पाहिजे. कारण पुष्कळ लोक व्हाइटचे नाव घेतात, पण त्याचा निबंध वाचण्याचे कष्ट घेत नाहीत. १९६७ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अवघ्या पाचसहा पानांचा तो मजकूर. परंतु त्यावर गेल्या अर्धशतकात जेवढी चर्चा झाली तेवढी मोठमोठ्या ग्रंथांच्याही वाट्याला आलेली नाही. व्हाइट हा मध्ययुगीन यंत्रविद्येचा अभ्यासक. उत्तर युरोपातील जड नांगराचे उदाहरण तो देतो. पूर्वीचा हलका नांगर जमीन वरवर ओरखडीत असे, आणि एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन त्या कुटुंबाकडे असे. पुढे जमिनीची खोल चीर काढून ढेकूळ उलथविणारा जड नांगर आला. त्याला आठ बैल लागत. एवढे बैल एका शेतकऱ्याजवळ कोठून असणार? म्हणून अनेकांनी बैल एकत्र केले, आणि जमिनीची वाटणी कुटुंबाच्या गरजेवरून न होता नांगराच्या शक्तीवरून होऊ लागली. येथे मनुष्याचे भूमीशी असलेले नातेच पालटले, असे व्हाइटचे म्हणणे. हे पालटणे उत्तर युरोपातच का घडले, ह्याचे उत्तर तो धर्मात शोधतो. बायबलच्या उत्पत्तिग्रंथात देवाने मनुष्याला पृथ्वीवर सत्ता दिली. ख्रिस्ती धर्माने झाडातली, झऱ्यातली, डोंगरातली दैवते हाकलून दिली. आणि ज्या झाडात कोणी राहत नाही ते झाड तोडताना हात कशाला थरथरेल?

आता ह्या निबंधाचा जो भाग बहुतेक जण विसरतात तो सांगितला पाहिजे. व्हाइट धर्मद्वेष्टा नव्हता. रोगाचे मूळ धार्मिक असेल तर औषधही धार्मिकच असले पाहिजे, नुसत्या अधिक विज्ञानाने आणि अधिक यंत्रांनी हे संकट टळणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तो निष्कर्ष त्याने एका ख्रिस्ती संतापाशीच आणून ठेवला: असिसीचा संत फ्रान्सिस ह्याला पर्यावरणाच्या अभ्यासकांचा पालक संत मानावे, अशी त्याने सूचना केली. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ती घोषणा प्रत्यक्षात केली; आणि २०१३ साली निवडून आलेल्या अर्जेंटिनाच्या बेर्गोलिओ ह्यांनी त्याच संताचे नाव धारण केले. आरोपपत्रातच उत्तराचे बीज होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आरोप कितपत टिकतो? आमच्या मते अर्धाच. भूमीची नासाडी ही काही ख्रिस्ती शोधाची वस्तू नव्हे. ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी साडेतीनशे वर्षे प्लेटोने ‘क्रितिआस’ ह्या संवादात अॅटिकाच्या उघड्याबोडक्या डोंगरांचे वर्णन केले आहे. माती वाहून गेल्यामुळे रोग्याच्या हाडांच्या सापळ्यासारखा देश उरला आहे, असे तो खेदाने सांगतो. त्या देशात झाडाझाडातून आणि झऱ्याझऱ्यातून देवता नांदत होत्या; तरी डोंगर उघडे पडलेच. आणि लांब कशाला जावे? नदीला माता म्हणणारा, तिची आरती करणारा, तिच्या काठी देह ठेवण्यात धन्यता मानणारा समाज आमचा आहे. आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर रसायनांचा पांढरा फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. पंचगंगेची कथा कोल्हापूरकरांस सांगावयास नको. श्रद्धा वाहते एका पात्रातून आणि सांडपाणी दुसऱ्या, असे तर नाही; दोन्ही एकाच पात्रातून वाहतात, आणि एकमेकांस अडवीत नाहीत. व्हाइटचा निबंध वाचून पौर्वात्य वाचकाला जो एक सूक्ष्म आत्मसंतोष होतो तो त्याने वेळीच आवरावा, हे बरे. श्रद्धा आचरणाचे एकमेव कारण नसते. परंतु ती काहीच नसते, असेही नाही. जे करण्याचा लोभ मनुष्याला अगोदरच झालेला असतो त्याला ती परवाना देते किंवा मज्जाव करते. प्रश्न एवढाच की, ख्रिस्ती श्रद्धेने ह्या लोभाला परवाना दिला की मज्जाव केला?

ह्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी ‘लाउदातो सी’ लिहिले गेले, असे म्हणणे मात्र त्याच्यावर अन्याय करणारे होईल. त्याचा व्याप ह्याहून मोठा आहे. २४ मे २०१५ ही त्याची तारीख. १८ जूनला ते प्रसिद्ध झाले, म्हणजे त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पॅरिसला हवामानाविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या सहा महिने आधी. सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद. ‘आपल्या समाईक घराची काळजी’ हा त्याचा विषय. पहिल्या प्रकरणात हवा, पाणी, जीवजाती ह्यांच्या हानीचा आढावा, दुसऱ्यात बायबलमधील सृष्टिविचार, तिसऱ्यात यंत्रयुगीन मनोवृत्तीची चिकित्सा, चौथ्यात ‘समग्र पर्यावरणा’ची कल्पना, पाचव्यात उपाय, सहाव्यात शिक्षण आणि अध्यात्म. शेवटी दोन प्रार्थना आहेत: एक ईश्वर मानणाऱ्या कोणासही म्हणता यावी अशी, आणि दुसरी ख्रिस्ती भाविकांची. एका तळटीपेत अली अल-खव्वास ह्या मुसलमान सूफीचा आधार घेतलेला आहे. पोपच्या परिपत्रात असे उदाहरण विरळाच. पत्राचे नाव संत फ्रान्सिसच्या सूर्यस्तोत्राच्या टेकीवरून घेतले आहे. सुमारे १२२५ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्या संताने आपल्या उंब्रियाच्या लोकभाषेत ते रचले. इटालियन वाङ्मयाच्या अगदी आरंभीच्या कृतींत त्याची गणना होते. ज्ञानोबांनी देशीकार लेणे घडविले त्याच्या पाऊणशे वर्षांच्या आतबाहेर दुसऱ्या एका देशात दुसरा एक संत हेच करीत होता, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ह्या परिपत्राचा सर्वांत मोठा गुण आमच्या मते हा की, त्याने निसर्गप्रेमाच्या हळव्या प्रांतातून हा विषय उचलून न्यायाच्या प्रांतात आणून ठेवला. पर्यावरणावरील पुष्कळसे लेखन डोंगर, पाखरे आणि सूर्यास्त ह्यांभोवती घोटाळते, आणि ते वाचून शहरातील सुखवस्तू मनुष्याला आपण मोठे रसिक असल्याचे समाधान मिळते. पोप फ्रान्सिस त्याला हे समाधान मिळू देत नाहीत. भूमीचा आक्रोश आणि दरिद्री माणसाचा आक्रोश हे दोन नव्हेत, एकच आहेत, हा त्यांच्या पत्राचा कणा होय. पिण्याचे शुद्ध पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क असल्याचे ते स्पष्ट सांगतात. उत्तरेच्या श्रीमंत राष्ट्रांवर दक्षिणेच्या गरीब राष्ट्रांचे एक पर्यावरणीय ऋण आहे, असे ते म्हणतात. ‘ऋण’ हा शब्द महत्त्वाचा. दया करणारा मनाला येईल तेवढे देतो. ऋणको मात्र हिशेबाने देणे लागतो.

दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. व्हाइटच्या मांडणीत निसर्गाकडे पाहण्याचे दोनच मार्ग दिसतात: निसर्ग एकतर देवता, नाहीतर वस्तू. देवता हाकलली की वस्तू उरली, आणि वस्तूचे काय वाटेल ते करावे. संत फ्रान्सिसने सूर्याला देव म्हटले नाही. वस्तूही म्हटले नाही. त्याला त्याने भाऊ म्हटले, चंद्राला बहीण म्हटले, पाण्याला बहीण, अग्नीला भाऊ, आणि भूमीला तर एकाच वेळी बहीण आणि आई. एकाच पित्याची ही लेकरे. म्हणून त्यांची पूजा नाही, आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा अधिकारही नाही. हा तिसरा मार्ग होय. मराठी मनाला तो मुळीच परका नाही. तुकोबांनी भंडाऱ्याच्या एकांतात झाडावेलींशी सोयरिक जोडली होती ती ह्याच जातीची. परिपत्रात ‘निसर्ग’ आणि ‘सृष्टी’ ह्यांत भेद केला आहे: निसर्ग अभ्यासावयाचा आणि वापरावयाचा, सृष्टी मात्र कोणाच्या तरी हातून मिळालेली देणगी. आमच्या भाषेत हे दोन्ही शब्द एकाच ‘सृज्’ धातूपासून निघालेले असल्यामुळे हा भेद आम्हांस एकदम जाणवत नाही. पण जाणवला म्हणजे तो शब्दच्छल नाही, हेही पटते. परिपत्रातील मोशेच्या नियमशास्त्राचा एक दाखला आम्हांस विशेष आवडला. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असलेली पक्षीण सापडली तर आईला पिल्लांसह धरू नये, असा तो नियम. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता शाळेत वाचून ज्यांचे डोळे ओलावले त्या मराठी वाचकांस ह्या नियमातील करुणा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उत्तराच्या गाभ्याकडे वळू. ‘सत्ता’ दिल्याच्या आरोपाचा उल्लेख परिपत्र करते, व्हाइटचे नाव मात्र घेत नाही. त्याचे उत्तर असे: पहिल्या अध्यायातील सत्तेचा अर्थ दुसऱ्या अध्यायाच्या प्रकाशात लावला पाहिजे, तेथे देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. म्हणून सत्ता ह्याचा अर्थ लूट नव्हे, जबाबदारीचा कारभार होय. हे उत्तर सुंदर आहे. परंतु ते पुरते प्रामाणिक आहे काय? मूळ हिब्रूत पहिल्या अध्यायात जी दोन क्रियापदे आली आहेत, ‘काबश’ आणि ‘रादा’, ती मवाळ नाहीत. पहिले जिंकलेला देश पायाखाली घालण्यासाठी किंवा माणसांस दास करण्यासाठी इतरत्र वापरले आहे. दुसरे राजाच्या अंमलासाठी. ज्यांनी हे शब्द लिहिले ते लोक बलाढ्य साम्राज्यांच्या छायेत, दुष्काळ आणि श्वापदे ह्यांच्या भयात जगत होते; पृथ्वीच त्यांच्यावर सत्ता चालवीत होती. त्या काळी हे शब्द दुर्बळाला दिलेला धीर होते. वाफेचे यंत्र आणि खनिज तेल हाती आल्यावर तेच शब्द बलवानाला मिळालेली सनद ठरले. परिपत्राने हा इतिहास उघड मांडला असता तर उत्तर अधिक बळकट झाले असते. कठोर शब्दाला मृदू शब्दाने झाकणे हा भाष्यकारांचा जुना धंदा आहे. आमच्याकडचेही भाष्यकार त्यात मागे नाहीत. पण झाकलेला शब्द वाचकाला कधी ना कधी दिसतोच.

‘कारभारी’ ह्या रूपकाविषयी तर आमची स्पष्ट हरकत आहे. ख्रिस्ती पर्यावरणविचारात हे रूपक फार लोकप्रिय आहे: भूमी देवाची, मनुष्य तिचा कारभारी. परंतु कारभारी हळूहळू धनी कसा होतो, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला दुसऱ्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. धनी दूर असतो, दप्तर कारभाऱ्याच्या हाती असते, आणि हिशेब मागणारा कोणी नसतो. शिवाय कारभार असतो मालमत्तेचा. ज्या भूमीला आरंभीच्या पानावर बहीण आणि आई म्हटले, तिचाच पुढे कारभार पाहावयाचा, ह्यात विसंगती नाही काय? बहिणीचा कोणी कारभार पाहत नाही. परिपत्र ह्या दोन रूपकांच्या मध्ये हेलकावे खाते, आणि तिच्या विचाराची हीच मुख्य दुर्बळता आहे. भावंडाच्या नात्याने आरंभ करून ते कारभाऱ्याच्या भाषेत उपाय सांगते. तेथे संताचा स्वर लोपतो आणि एखाद्या समितीच्या अहवालाचा स्वर ऐकू येतो.

विशेष नवल असे की, ह्या विसंगतीचा परिहार बायबलातच, परिपत्राच्या अगदी हाताशी होता. बागेची ‘राखण’ करण्यासाठी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे ते ‘शामर’. दोनच अध्यायांनंतर केन आपल्या भावाचा, हाबेलाचा, खून करतो. आणि भाऊ कोठे आहे असे देवाने विचारताच मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, अशा आशयाचा उद्धट प्रतिप्रश्न करतो. तेथेही तेच क्रियापद आहे. बागेची जी राखण तीच भावाची राखण. आणि जो भावाची राखण नाकारतो त्याच्यापुरती भूमीही नापीक होते, असे त्या कथेत पुढे स्पष्ट सांगितले आहे. परिपत्र केनाची कथा सांगते, भावाशी बिघडलेले नाते आणि भूमीशी बिघडलेले नाते ह्यांचा संबंधही जोडते. परंतु ह्या एका शब्दाकडे वळत नाही. वळते तर भूमीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकच, हे त्याचे मुख्य सूत्र पोपच्या शब्दावर न राहता मूळ ग्रंथाच्या शब्दावर उभे राहिले असते, आणि कारभाऱ्याऐवजी ‘राखणदार’ हे अधिक खरे रूपक हाती आले असते. शेताच्या माळ्यावर बसून रात्र काढणारा राखणदार मराठी माणसाने पाहिलेला आहे. त्याला पिकाची मालकी नसते. त्याला फक्त जागे राहावयाचे असते.

दुसरी एक गोष्ट परिपत्रात येते, पण तिला मिळावयास हवी होती तेवढी जागा मिळत नाही. ती म्हणजे भूमीच्या विश्रांतीचा नियम. लेवीय ग्रंथात सांगितले आहे की, सहा वर्षे जमीन पेरावी आणि सातव्या वर्षी पड टाकावी. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी, परक्यांनी आणि जनावरांनी खावे. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळांकडे परत जावी, कारण भूमी देवाची आहे आणि माणसे तिच्यावर पाहुण्यासारखी आहेत. पुढे यरुशलेमचा पाडाव होऊन लोक बाबिलोनला बंदिवान झाले तेव्हा ग्रंथकाराने त्याचे जे कारण सांगितले आहे ते विलक्षण आहे: भूमीला तिची विश्रांती मिळाली नव्हती, ती तिने ओसाड पडून सत्तर वर्षांत वसूल करून घेतली. माणसाने दिली नाही तर भूमी आपली विश्रांती आपण घेते, आणि तेव्हा ती माणसाची सोय पाहत नाही. हवामानाच्या आजच्या संकटाला ह्याहून समर्पक धर्मवचन आम्हांस दुसरे दिसत नाही. ‘अधिक चांगला वापर’ हा यंत्रयुगाचा उपाय. ‘काही काळ वापरूच नये’ हा ह्या जुन्या नियमाचा. पर्यावरणाच्या प्रश्नात ख्रिस्ती आणि त्याहून जुनी ज्यू परंपरा जगाला खरोखर काही नवे देऊ शकत असेल तर ते हेच, असे आमचे मत आहे.

परिपत्राचे व्यावहारिक भाग सर्वत्र सारखेच समाधानकारक नाहीत. लोकसंख्येच्या प्रश्नाला ते एका परिच्छेदात निकालात काढते. काही थोड्यांचा चंगळवाद सोडून गरिबांच्या संततीला दोष देणे म्हणजे खऱ्या प्रश्नाकडे पाठ फिरविणे होय, हे त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण उरलेले अर्धे, म्हणजे मर्यादित भूमी आणि मर्यादित पाणी ह्यांवर वाढणारा भार, आणि अपत्ये किती असावीत ह्यात स्त्रीचा शब्द, ह्याविषयी ते जवळजवळ मूक आहे. आणि ह्या मौनाचे कारण अर्थशास्त्रात नसून रोमच्या जुन्या शिकवणुकीत आहे, हे उघड आहे. कार्बन-पतीच्या खरेदीविक्रीवर ते अविश्वास दाखविते. त्यातून नवी सट्टेबाजी निघेल हे भय अनाठायी नाही, पण त्या जागी दुसरा कोणता मार्ग चालेल हे विस्ताराने सांगितले पाहिजे होते. वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराला घातक सवयींचे उदाहरण म्हणून पुढे करणे तर आम्हांस चमत्कारिक वाटले. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्या मजुराला गारवा ही चैन नव्हे. त्याला तो मिळत नाही, हाच खरा अन्याय. आणि गरिबांचा कैवार घेणाऱ्या पत्रात तो दिसावयास हवा होता.

पण कोणत्याही धर्मपत्राची अखेरची परीक्षा त्याच्या पानांवर होत नाही. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेने भूमीची राखण प्रत्यक्षात कोठे केली आहे, हे पाहू. उत्तर इथिओपियाच्या पठारावरील मूळचे अरण्य शेतीसाठी आणि चराईसाठी बहुतेक सारे तोडले गेले. उरले ते तेवाहेदो संप्रदायाच्या प्राचीन चर्चांभोवती. वरून पाहिले तर पिवळ्या-तपकिरी शेतांच्या विस्तारात हिरव्या ठिपक्यांसारखी ही शेकडो चर्चवने दिसतात. चर्चभोवतीची झाडी हे त्या मंदिराचे वस्त्र होय, अशी तेथील भावना. म्हणून ती तोडावयाची नाही. अलीकडच्या काळात गुरांनी रोपे खाऊ नयेत म्हणून तेथील धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी अभ्यासकांच्या साहाय्याने काही वनांभोवती दगडी कुसू घातले आहेत. आमच्या सह्याद्रीतील देवराया ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. वृक्षातील दैवते हाकलून देणाऱ्या धर्मानेच येथे देवराई राखली. व्हाइटच्या सिद्धांताला ह्याहून चांगले उत्तर नाही, आणि त्या उत्तराचा उल्लेख परिपत्रात नाही.

दुसरे उदाहरण आमच्या घरचेच आहे. वसईचा ख्रिस्ती शेतकरी पोर्तुगीज अमदानीपासून ख्रिस्ती आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तरी त्याची श्रद्धा आणि त्याची वाडी दोन्ही तेथेच राहिली. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ह्यांच्या त्या वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे जमिनीत मुरलेले पाणी साठविणाऱ्या खोल तळ्यांवर, जगत आल्या. मुंबई वाढत वाढत तेथवर पोहोचली तेव्हा शेतजमिनीवर इमारती उठू लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, आणि उपसा वाढल्याने विहिरी खारावण्याचे भय उभे राहिले. ह्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला त्याच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि त्यांच्याबरोबर निरनिराळ्या धर्मांचे वसईकर होते. हा लढा १९८० नंतरच्या दशकाअखेरीचा आणि त्यापुढचा, म्हणजे ‘लाउदातो सी’च्या पाव शतकापूर्वीचा. ह्याच दिब्रिटोंनी पुढे संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि २०२० साली धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. मशागत आणि राखण हे शब्द ज्या ग्रंथात आले तो ग्रंथ मराठीत आणणारा मनुष्य विहिरींच्या राखणीसाठी रस्त्यावर उतरलेला होता, ह्या योगायोगास आम्ही केवळ योगायोग म्हणणार नाही. त्या लढ्याला संपूर्ण यश आले, असे मात्र कोणी म्हणू नये. आज वसई-विरार हे महानगर आहे, पुष्कळ बावखले बुजविली गेली आहेत, आणि जमिनी विकणाऱ्यांत सर्वच धर्मांचे लोक होते. श्रद्धेने तेथे लोभाला पुरता मज्जाव केला नाही. परंतु लोभाला परवानाही दिला नाही, आणि जे थोडे हिरवे उरले त्यात तिचा वाटा आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘लाउदाते देउम’ हे दुसरे, पुष्कळ लहान पत्र काढले. त्याचा स्वर अधिक उतावीळ आणि अधिक खिन्न आहे. आठ वर्षांत पुरेसे काही घडले नाही, आणि खुद्द आपल्या चर्चमध्येही हवामानाच्या संकटाची टवाळी करणारे लोक आहेत, हे ते लपवीत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. हाती घेतलेले कार्य पुरे झाल्याचे समाधान त्यांस लाभले असेल, असे आम्हांस वाटत नाही. पण म्हणून ‘लाउदातो सी’चे मोल उणावत नाही. त्यात पुनरुक्ती आहे, काही ठिकाणी सोयीचे मौन आहे, आणि कारभारी व भावंड ह्या दोन रूपकांची गाठ त्याला शेवटपर्यंत सोडविता आली नाही. तरीही आमच्या पिढीत धर्मपीठावरून निघालेल्या लेखनात इतक्या निःशंकपणे धनिकाला ऋणको म्हणणारे दुसरे पत्र आमच्या पाहण्यात नाही. आमची एवढीच सूचना आहे की, वाचकाने ते दुसऱ्या कोणाच्या धर्माचा निवाडा म्हणून वाचू नये. केनाला विचारलेला प्रश्न फक्त केनाच्या वंशजांसाठी नाही. आणि इंद्रायणीच्या काठावर उभे राहून त्याचे उत्तर देणे आम्हांसही तितकेच अवघड जाणार आहे.